पावसात टर्बोवाल्या ६५० बाइकचा एअर इनटेक (हवा आत घेण्याची वाट) कसा सांभाळायचा? ठाणे ते महापे, रोजचा रस्ता

येऊरचा_वारा
मंडळी, नमस्कार. माझ्याकडे ६५० सीसीची पॅरलल ट्विन (शेजारी-शेजारी दोन सिलिंडरची बाइक) आहे, रॉयल एनफिल्डची. तिच्यावर छोटा टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, बसवलेला आहे. इंजिन आतून जसंच्या तसं, कॉम्प्रेशन ९.५ (सिलिंडरमधली हवा साडेनऊ पट दाबली जाते), बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, फक्त ०.५ बार. टर्बो इंजिनच्या पुढे खाली आहे आणि त्याच्या तोंडाला शंकूच्या आकाराचा कापडी फिल्टर थेट लावलेला आहे, डाव्या बाजूला, पुढच्या चाकामागे. टर्बोतून तापून आलेली हवा गार करणारा इंटरकूलर छोटा, तोही पुढेच.

रस्ता मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा, कळवा पूल, विटावा, ऐरोली, महापे असा. घोडबंदर रोडवर मेट्रोची कामं, सर्व्हिस रोडवर चिखल, शेजारून कंटेनर. उन्हाळ्यात काही अडचण नव्हती. पाऊस लागल्यापासून दोन गोष्टी दिसतात. एक, संथ चालवत आलो आणि दिघ्यानंतर मोकळ्या रस्त्यावर थ्रॉटल उघडला की गाडी एकदम गचका खाते, क्षणभर एक सिलिंडर बंद पडल्यासारखं वाटतं आणि मग सुरळीत होते. दोन, मोठ्या सरीत बराच वेळ चालवल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर दिसला. फिल्टर सुकवला की धूर जातो.

फिल्टरला पूर्ण कव्हर घालावं का? की तो तिथून हलवावा? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

मालशेज_सरी
दादा, मी तर साध्या गाडीच्या फिल्टरला जाड प्लास्टिकची पिशवी रबर लावून बांधतो, मागून थोडी फट ठेवतो. मालशेजच्या धबधब्याखालून गेलो तरी काही झालं नाही. तुम्हीही करून बघा.

ऐरोली_ट्विन
@मालशेज_सरी, कृपया टर्बोच्या गाडीवर हे कोणी करू नका. टर्बोची ओढ खूप जास्त असते. पिशवी आत खेचली जाऊन फिल्टरला चिकटेल, आणि सुटली तर शेजारच्या एक्झॉस्ट हाउसिंगवर वितळेल. तिसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, आणि येऊरचा_वारा यांच्या निळ्या धुराचं उत्तर त्यातच आहे.

टर्बोच्या दांड्यावर तेल अडवायला रबराची सील नसते, पिस्टन रिंगसारख्या बारीक रिंगा असतात. बाहेरच्या बाजूला दाब असेल तोवर त्या तेल अडवतात. फिल्टर गुदमरला की कॉम्प्रेसरच्या (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाच्या) तोंडाशी पोकळी तयार होते आणि बेअरिंगमधलं तेल रिंगांच्या कडेने इनटेकमध्ये ओढलं जातं. ते जळलं की निळा धूर. म्हणजे तुमचा टर्बो बहुधा शाबूत आहे. भिजलेला फिल्टर हवा देत नाहीये. पिशवी बांधली तर तीच अवस्था आपण हाताने आणू.

दादा, एक करा. फिल्टर काढून घड्या बारकाईने बघा आणि चिखल नेमका कुठल्या भागावर आहे ते सांगा. त्यावरून बरंच कळेल.

येऊरचा_वारा
ताई, आत्ताच काढून पाहिला. खालचा अर्धा भाग आणि चाकाकडची बाजू, इथल्या घड्यांमध्ये राखाडी लगदा गच्च बसलाय. बोटाने काढला तर सिमेंटसारखा कडक. वरच्या घड्या मात्र कोरड्या आहेत, कापडाचा लाल रंगही दिसतोय.

ऐरोली_ट्विन
मला हेच अपेक्षित होतं. पाऊस वरून पडतो आणि तुमचा फिल्टर वरून कोरडा आहे. म्हणजे पाणी आभाळातून येत नाहीये, पुढच्या चाकावरून येतंय.

थोडा हिशोब मांडते, कारण भीती चुकीच्या जागी बसली की उपायही चुकीचा होतो. तासाला ५० मिलिमीटरच्या धो धो पावसात एका घनमीटर हवेत थेंबांच्या रूपात पाणी असतं साधारण दोन ग्रॅम. त्याच वेळी २८ अंशांच्या आपल्या दमट हवेत वाफेच्या रूपात घनमीटरला पंचवीस ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. इंजिन ते रोज गिळतं आणि आपल्याला कळतही नाही. तुमचं इंजिन ७००० आरपीएमला, पूर्ण बूस्टवर, मिनिटाला अडीच-तीन घनमीटर हवा घेतं. पावसाचे सगळेच्या सगळे थेंब आत गेले असं धरलं तरी मिनिटाला सहा ग्रॅम पाणी होतं. मिनिटाला दोन्ही सिलिंडर मिळून सात हजार वेळा श्वास घेतात, तेव्हा एका श्वासाला एक मिलिग्रॅमही येत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनात मुद्दाम पाणी आणि मिथेनॉल फवारायचे, नॉकिंग (इंधन अवेळी पेटणं) टाळायला. बारीक फवाऱ्याने इंजिन मरत नाही.

मरतं ते एकगठ्ठा पाण्याने. तुमचा एक सिलिंडर ३२४ सीसीचा. कॉम्प्रेशन ९.५ म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम ३८ सीसी. कफ सिरपच्या टोपणाने मोजलं तर चार टोपणंसुद्धा नाहीत. तेवढं पाणी एकदम आत गेलं की पिस्टनला वर यायला जागा नाही, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याहून कमी पाण्यानेही दाब इतका वाढतो की रॉडवर ताण येतोच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पावसाशी भांडू नका. चाकाचा फवारा अडवा आणि साचलेल्या पाण्यापासून तोंड उंच ठेवा. बाकी सगळं त्यानंतर.

मालशेज_सरी
ताई, हे असं कोणी समजावलंच नव्हतं. पिशवीचा सल्ला मागे घेतो.

जुनी_धूळ
फार छान धागा. थोडा इतिहास सांगतो, तो इथे कामाचा आहे. १९८२ ते १९८५ या काळात जपानच्या चारही कंपन्यांनी कारखान्यातून टर्बो बाइक विकल्या. होंडाची सीएक्स ५०० टर्बो १९८२ ची, पुढच्या वर्षी तिची ६५०. यामाहाची एक्सजे ६५० टर्बो, सुझुकीची एक्सएन ८५, कावासाकीची जीपीझेड ७५० टर्बो. टर्बोची जागा प्रत्येकाने वेगळी निवडली, होंडाने फ्युएल इंजेक्शन घेतलं, यामाहाने कार्ब्युरेटर ठेवले. पण एक गोष्ट सगळ्यांची सारखी होती: फिल्टर बंद एअरबॉक्समध्ये. पाऊस-चिखलात चालणाऱ्या गाडीवर उघडा शंकू कोणीच ठेवला नाही. आज कावासाकीची निन्जा एच२ घ्या. तिच्यात टर्बो नाही, सुपरचार्जर (इंजिनच्याच जोरावर फिरणारा) आहे. तरी हवा पुढून वरून घेतलेली आहे, चाकाच्या रेषेत नाही.

किट विकणारे शंकू देतात कारण तो स्वस्त पडतो आणि कुठेही बसतो. डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजायच्या यंत्रावर) चालतो. घोडबंदरला नाही.

वागळे_वेल्डिंग
वागळे इस्टेटमध्ये माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, टर्बो बाइकची पायपिंग केलेली आहे. ताईंनी सांगितलं ते शंभर टक्के. आता काम कसं करायचं ते सांगतो.

पहिलं, पुढच्या मडगार्डला खाली रबरी फ्लॅप वाढवा. तीन-चार मिलिमीटर जाड रबर, मडगार्डच्या खालच्या टोकाला रिव्हेट किंवा स्क्रूने. जमिनीपासून चार-पाच इंच वर राहू द्या, नाहीतर स्पीडब्रेकरला उपटतं. मडगार्डपेक्षा दोन्ही बाजूंना थोडा रुंद ठेवा, कारण फवारा पंख्यासारखा बाजूलाही उडतो. खर्च काहीशेत होतो आणि अर्ध्याहून जास्त चिखल तिथेच थांबतो. लोक आधी महागडं कव्हर मागवतात आणि हे करत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरं, फिल्टर तिथून हलवा. टर्बोच्या तोंडापासून सिलिकॉन होस घेऊन टाकीच्या खाली, डाव्या साइड पॅनलच्या पुढे वर न्या. होसचा व्यास टर्बोच्या तोंडापेक्षा कमी नको, एक साइज मोठा घेतला तर उत्तम. आतून तारेची रिंग असलेला होसच घ्या. साधा होस ओढीने चपटा होतो आणि बाहेरून कळतही नाही. फिल्टरचं बंद टोक मागे आणि थोडं खाली झुकलेलं ठेवा, म्हणजे घड्यांवरून ओघळणारं पाणी बाहेर गळेल, पाइपात जाणार नाही.

तिसरं, फिल्टरभोवती दीड मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढून, खालून आणि बाहेरच्या बाजूने. मागची आणि वरची बाजू उघडी. पत्रा आणि फिल्टर यांत बोटभर, म्हणजे २० ते २५ मिलिमीटर अंतर सगळीकडे. तळाला भोकं पाडायला विसरू नका, नाहीतर संरक्षणाचा पत्राच पाण्याची परात होतो. उघड्या बाजूचं क्षेत्रफळ टर्बोच्या तोंडाच्या दुप्पट तरी हवं. तुमचं तोंड किती?

येऊरचा_वारा
३८ मिलिमीटर.

वागळे_वेल्डिंग
म्हणजे क्षेत्रफळ साधारण ११ चौरस सेंटिमीटर. उघडी जागा २५ च्या वर ठेवा, चाळीस मिळाली तर अजून छान. जागा आहे, कंजुषी करू नका.

खाडीकाठ
फिल्टरवर वॉटर-रिपेलंट मोजा (पाणी झटकणारं कापडी आवरण) घातला तर हे सगळं करायची गरज आहे का? के अँड एनचा ड्रायचार्जर किंवा आउटरवेअर्सचं प्री-फिल्टर? मी कोपरखैरणेहून उरणला जातो, मोज्यावर समाधानी आहे.

ऐरोली_ट्विन
मोजा चांगला आहे, मी स्वतः वापरते. विणलेल्या कापडावर पाणी झटकणारा लेप असतो, थेंब घरंगळून जातात, चिखल घड्यांपर्यंत पोचत नाही. फक्त तीन गोष्टी लक्षात ठेवा. तो पाणी झटकतो, बुडल्यावर अडवत नाही. थेट चाकाच्या फवाऱ्यात ठेवला तर सिमेंटच्या लगद्याने त्याचीही छिद्रं बुजतात, मग पुन्हा गुदमरणं आलंच. आणि धुवून धुवून लेप जातो. वर पाण्याचे चार थेंब टाकून बघा, मोती होऊन घरंगळले तर ठीक, कापडाने पिऊन टाकले तर बदला. फिल्टर हलवल्यानंतर वरून मोजा घालणं हे मला सगळ्यात पटतं.

आणखी एक. कापडी फिल्टर नुसता सुकवून परत लावू नका. धुतल्यावर फिल्टरचं तेल पुन्हा लावावं लागतं. ते तेल धूळ पकडतं आणि पाण्यालाही काही प्रमाणात झटकतं. कोरडा कापडी फिल्टर यातलं एकही काम धड करत नाही. उलट तेल थबथबून लावलं तर तेही आत ओढलं जातं, तेव्हा घड्यांच्या टोकांवरून पातळ थर, आणि रात्रभर तसाच ठेवायचा.

येऊरचा_वारा
निळ्या धुराचं कळलं. गचक्याचं काय? फिल्टर सुकवल्यावरही एकदा झालं होतं, त्या वेळी पाऊससुद्धा थांबलेला होता.

जुनी_धूळ
हे बहुधा इंटरकूलरमधलं पाणी आहे.

हवा दाबली की तापते. ३० अंशांची हवा ०.५ बार बूस्टला टर्बोमधून बाहेर पडताना ८०-९० अंशांपर्यंत जाते. आत आलेले बारीक थेंब तिथे बऱ्याच अंशी वाफ होतात. पण वाफ झाली म्हणजे पाणी गेलं असं नाही. ती पुढे इंटरकूलरमध्ये जाते, आणि तुमच्या इंटरकूलरवर बाहेरून पाऊस पडतोय, म्हणजे तो भरपूर थंड. शिवाय हवा दाबलेली असताना ती वाफ कमी धरून ठेवते. पावसाळ्यातली भिजलेली हवा दीडपट दाबून पुन्हा बाहेरच्या तापमानाला आणली तर पाणी सुटणारच. अगदी पाऊस थांबला तरी. ते इंटरकूलरच्या तळाशी आणि पाइपच्या खोलगट वळणात साचत राहतं. संथ चालवताना हवेचा वेग कमी, पाणी जागचं हलत नाही. मोकळ्या रस्त्यावर थ्रॉटल उघडला की हवा ते एकदम उचलते आणि प्लगवर नेऊन टाकते. झाला गचका.

इंटरकूलरचा खालचा पाइप सोडून बघा, किती पाणी निघतं.

येऊरचा_वारा
काका, अगदी बरोबर! पाइप सोडला आणि भांडं खाली धरलं. तळ झाकला जाईल इतकं पाणी निघालं, वर तेलाचा तवंग. ताईंनी सांगितलेलं तेल आणि तुम्ही सांगितलेलं पाणी, दोन्ही एकाच भांड्यात दिसलं. मग तिथे बारीक भोक पाडून ठेवू का, आपोआप गळत राहील?

वागळे_वेल्डिंग
नाही! टर्बोच्या पुढचा पाइप दाबाखाली असतो, भोक पाडलं तर बूस्ट तिथून जाईल. इंटरकूलरच्या सगळ्यात खालच्या टोकाला एम-६ चा बुशिंग वेल्ड करून घ्या आणि तांब्याच्या वॉशरसह बोल्ट लावा. पावसाळ्यात रोज संध्याकाळी घरी आल्यावर गाडी साइड स्टँडवर, बोल्ट सोडायचा, थेंब पडू द्यायचे, परत लावायचा.

फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाइपातही उघडं भोक नको. तिथे ओढ असते, गाळलेली नसलेली हवा आणि माती थेट पंख्यावर जाईल. त्या पाइपाच्या खोलगट जागी रबरी चोचीचा एकमार्गी व्हॉल्व्ह लावा, ड्रेन पाइपच्या टोकाला मिळतो तसा. नवी मुंबईच्या धारण तलावांना खाडीच्या तोंडाशी झडपा असतात ना, ओहोटीला पाणी बाहेर सोडतात आणि भरतीला मिटतात, तसंच त्याचं काम. इंजिन चालू असताना ओढीने चोच मिटते, बंद केलं की साचलेलं पाणी गळून जातं.

खाडीकाठ
ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचाही (थ्रॉटल मिटल्यावर अडकलेला दाब सोडणाऱ्या झडपेचाही) विचार करा. तो बाहेर हवा सोडणारा असेल आणि स्प्रिंग मऊ असेल तर आयडलिंगला थोडा उघडा राहतो आणि बाहेरची हवा आत घेतो, फिल्टरशिवाय. सिग्नलला शेजारून बसने पाणी उडवलं की तिथून आत. एकतर त्याचं तोंड वर आणि मागे फिरवा, किंवा परत टर्बोच्या आधीच्या पाइपात सोडणारा प्रकार घ्या. पावसाळ्यापुरता तरी दुसरा प्रकार बरा.

येऊरचा_वारा
माझा बाहेर सोडणाराच आहे, आणि अगदी खाली आहे. बदलतो.

कॉम्प्रेसरचा पंखा खराब झाला असेल का? हे कसं ओळखायचं?

ऐरोली_ट्विन
इंजिन पूर्ण गार असताना, चावी काढून, तोंडाचा होस सोडा. टॉर्च मारून पात्यांची पुढची कड बघा आणि बोटाच्या पेराने अलगद स्पर्श करा. नवीन पंख्याची कड सुरीसारखी एकसंध लागते. मोठे थेंब खाल्लेली कड खरखरीत लागते, उजेडात टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे चमकतात. एवढे लहान टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात, त्या वेगाला मोठा थेंब ॲल्युमिनियमच्या पात्यावर आदळतो तेव्हा तो धातूला टोचतो. दांडा बोटाने फिरवून पात्याचा काठ हाउसिंगला घासत नाही ना, तेही ऐका. किंचित खेळ असतोच, घासण्याचा आवाज मात्र नको.

हिशेबी
तांत्रिक चर्चा उत्तम चालली आहे, पण वाचणाऱ्यांसाठी कायद्याची बाजू इथे असायला हवी. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करण्यावर बंधन घालतं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ (४) नुसार परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याचंही तसंच. इंजिनात पाणी गेल्याचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं, आणि विमा कंपनीला न कळवलेला टर्बो दिसला तर तो दावाही अडू शकतो. आपला पैसा आणि आपलं लायसन्स, विचार करून ठरवा.

येऊरचा_वारा
हिशेबी, हे नोंदवलंत ते फार चांगलं केलंत. आरटीओत लेखी विचारणा केलेली आहे, उत्तर आलं की इथेच टाकतो.

पारसिक_उतार
मी विटाव्यालाच राहतो, म्हणून कळकळीने सांगतो. रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की फिल्टर कुठेही असो, त्यात घालू नका. फूटभर पाणी दिसतं, पण समोरून बस आली की तिच्या लाटेने तेच कमरेला लागतं. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी असली की खाडीकडे पाणी उतरतच नाही, तासन् तास तुंबून राहतं. सकाळी निघताना भरतीची वेळ बघायची सवय लावा. शंका असेल त्या दिवशी मुलुंड-ऐरोली पुलावरून या. लांब पडतं, कोपरीला गर्दीही लागते, पण गाडी वर राहते.

मालशेज_सरी
आणि समजा पाण्यात बंद पडलीच तर? ढकलून बाहेर काढायची आणि स्टार्ट मारून बघायचं का?

वागळे_वेल्डिंग
स्टार्टरला हात लावायचा नाही. चालताना पाणी गेलं तर रॉड वाकू शकतोच, पण पाणी आत असताना लोक स्टार्टर दाबत बसतात तेव्हाही वाकू शकतो. चावी बंद. ढकलून कोरड्या जागी आणा. दोन्ही स्पार्क प्लग काढा. मग गाडी वरच्या गिअरला टाकून मागचं चाक हाताने हळू फिरवा, पाणी असेल तर प्लगच्या भोकातून उडेल, चेहरा तिथे नेऊ नका. त्यानंतर इंटरकूलरचा बोल्ट सोडा, फिल्टर काढा, टर्बोचं तोंड बघा. ऑइलच्या काचेतून तेल दुधाळ दिसलं तर तेल आणि ऑइल फिल्टर बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. टर्बोचं बेअरिंगही त्याच तेलावर जगतं, त्याला पाणी मिसळलेलं तेल एक मिनिटही चालत नाही.

येऊरचा_वारा
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: आधी मडगार्डचा फ्लॅप, मग फिल्टर वर, पत्रा, मोजा, चोचीचा व्हॉल्व्ह, इंटरकूलरला बोल्ट, ब्लो-ऑफ बदल. एक शेवटची शंका. पत्रा आणि मोजा लावल्यावर हवा कमी पडत नाहीये हे मोजणार कसं? अंदाजावर सोडायचं नाहीये.

ऐरोली_ट्विन
मीटरभर उंचीची यू आकाराची पारदर्शक नळी घ्या, फळीवर बांधा, अर्धी पाण्याने भरा. एक टोक टर्बोच्या आधीच्या पाइपला बारीक निप्पल लावून जोडा, दुसरं हवेत उघडं. डायनोवर पूर्ण बूस्टला दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक वाचा. दहा सेंटिमीटर फरक म्हणजे एक किलोपास्कल. आधी नुसत्या फिल्टरवर, मग पत्र्यासह, मग मोजा भिजवून. नळी लहान घेऊ नका, ओढ वाढली तर तेच पाणी टर्बोत जाईल. आकडे आले की इथे टाका, भिजलेल्या मोज्याचा तर नक्की.

वागळे_वेल्डिंग
निप्पल मी होसच्या ॲडॅप्टरलाच वेल्ड करून देतो, वेगळं भोक नको. येताना जुना होस आणि फिल्टर दोन्ही घेऊन या, माप त्यावरूनच घेऊ.